लाँझोची बाजू

डेट्रॉइट, २ जानेवारी १९८६

लाँझो,

पाकीट उलटंपालटं करून बघू नकोस, पत्र तुझ्या बहिणीचं, व्हर्डीचंच आहे. अक्षर कोंबडीचे पाय झालंय ते दिसतंय मला. बर्फावर घसरले, उजवा हात जरा दुखावला, म्हणून डाव्यानं लिहितेय. काळजीचं काही कारण नाही. तू काळजी करत बसशील अशा भ्रमातही मी नाही.

तुझा पत्ता आपल्या एका चुलत बहिणीकडून काढला. कुठल्या ते सांगत नाही, नाहीतर तिच्याशीही बोलणं टाकशील. ती म्हणाली, तू ओकलंडमध्ये बस चालवायचास आणि आता घरी बसतोस. बरं झालं. आयुष्यभर दुसऱ्यांना पोचवलेल्या माणसानं कधीतरी घरी बसावं.

काल नव्या वर्षाची, नशिबाची चवळी शिजवली, मक्याचा पाव केला. एकटीला एवढी चवळी कशाला, असं शेजारची मिस झेल्मा म्हणाली आणि दोन वाट्या घेऊन गेली.

लिहायचं कारण वेगळंच आहे. सेफस टॉलिव्हर आठवतो ना? आपल्या मागे ड्रम वाजवायचा, सपाट तळव्यांचा, चालताना बदकासारखा दिसायचा? ‘ब्लू लँटर्न’ क्लब आता त्याच्याच मालकीचा आहे. म्हणजे एप्रिलपर्यंत. दुकानांची सगळी ओळ पाडून तिथं गाड्या उभ्या करायला जागा करणार आहेत. तर एप्रिलच्या शेवटच्या रविवारी दुपारी सगळ्या जुन्या मंडळींनी एकेक चीज वाजवायची, असं त्यानं ठरवलंय. माझ्या नावापुढे त्यानं ‘ओरालीची चाल’ लिहून टाकली. मला विचारलंसुद्धा नाही मेल्यानं. म्हणे, तुझ्या पपांनी तुझ्या आईसाठी बांधलेली चाल या भिंतींनी शेवटची ऐकायला नको का?

व्हायब्राफोन समोरच्या खोलीतच आहे, सगळ्या धातूच्या पट्ट्या आणि खालच्या पेडलसकट, पपांनी ठेवला होता तिथंच. तुझ्या बाजूला मी धुतलेल्या कपड्यांची टोपली ठेवते.

व्हर्डेल


डेट्रॉइट, २७ जानेवारी

लाँझो,

उत्तर नाही. छान.

ठीक आहे, मी खोटं बोलले म्हणून तू उत्तर दिलं नाहीस असं धरून चालते. बर्फावर कोणी घसरलं नव्हतं. ऑक्टोबरात मला लकवा मारला. मासे तळत होते, हातातला झारा सुटला, आणि मी झाऱ्याला शिव्या देतेय तर तोंडातून शब्दच निघेना. उजवी बाजू गेली. तोंड आता जागेवर आलंय. जीभ तर पहिल्यापेक्षा लांब झाली असं मिस झेल्मा म्हणते. पण उजवा हात मांडीवर पडून असतो आणि उजवा पाय घरभर ओढत न्यावा लागतो.

आता कळलं का अक्षर असं का आहे ते?

एका हाताचं मला एवढं वाटत नाही. डाव्या हातात वाजवायच्या दोन काठ्या धरता येतात, ते तर लहानपणीच शिकलो आपण. बोटं अजून घट्ट आहेत. घोडं अडलंय ते पायापाशी. पेडल दाबल्याशिवाय सूर राहत नाही. पट्टीवर मारलं की नुसतं टक्. जेवणाच्या टेबलावर चमचा आपटावा तसं. ‘ओरालीची चाल’ सगळी लांब सुरांचीच. ती टक् टक् वाजवण्यापेक्षा न वाजवलेली बरी.

डाव्या पायानं दाबायला गेले तर उजवा पाय भार घेत नाही. उंच स्टुलावर बसून बघितलं. स्टूल एकीकडे, मी एकीकडे, आणि लोकर गुंडाळलेल्या काठ्या सोफ्याखाली. मिस झेल्मा धावत आली. मला उठवता उठवता तिची नजर जमिनीवर गेली आणि ती म्हणाली, “व्हर्डेल, इथं दोन्ही बाजूंनी लिनोलियम का झिजलंय गं?”

तिला काय सांगितलं ते तुलाही लिहिते. मी काय सांगत फिरते ते तुला कळलेलं बरं. म्हटलं, पपांकडे व्हायब्राफोन एक आणि पोरं दोन. मोडलेल्या बँडकडून आणलेला, तोही पट्ट्या चादरीत गुंडाळून, ट्रामनं. फाउंड्रीतून काळे होऊन यायचे आणि आम्हाला दोघांना एकदमच उभे करायचे. मला वाजवायच्या बाजूला, कारण मी मोठी. लाँझोला समोर, पलीकडच्या बाजूला. म्हणजे त्याचं सगळंच उलटं. माझ्या डावीकडचे खर्जाचे सूर त्याच्या उजवीकडे. पेडल माझ्या बाजूला, त्यामुळे पाय माझा आणि सूर दोघांचे. मी पाय उचलला की त्याचा सूर मरायचा.

“आणि तो तसाच शिकला? उलटा?” झेल्मा म्हणाली.

तसाच शिकला, म्हटलं. आणि माझ्यापेक्षा चांगला. हे मी तिला सांगितलं. तुला कधी सांगितलं नव्हतं, तेव्हा आता डोक्यावर बसू नकोस.

तिला हेही सांगितलं की तू वाजवताना खाली बघायचासच नाहीस. टक लावून माझ्याकडे. मी चिडायचे, “माझ्या तोंडाकडे काय बघतोस? पट्ट्यांकडे बघ!” आणि पपा दाराशी पाइप ओढत हसायचे. लोकांना ते फार आवडायचं. भाऊ-बहीण, एक व्हायब्राफोन, समोरासमोर. हेस्टिंग्ज स्ट्रीटवर आपल्याला बघायला माणसं भिंतीला टेकून उभी राहायची. ती भिंत नाही आता, तो रस्ताही नाही. त्यावरून मोठा हायवे गेला.

व्हर्डेल


डेट्रॉइट, १६ फेब्रुवारी

लाँझो,

एक गोष्ट विचारायची आहे. तेवढीच विचारते आणि गप्प बसते. हसू नकोस.

मला गोवर आला होता तेव्हा पपांनी मोजा चढवलेली वीट पेडलवर ठेवली होती, तुझा सराव बुडू नये म्हणून. आठवतं? मी आतल्या खोलीत पडून ऐकत होते. पेडल सारखंच दाबलेलं, त्यामुळे एकही सूर थांबेना. सगळी गल्ली एकदम बोलायला लागल्यासारखा कालवा. मी उशीत तोंड खुपसून हसत होते. मग दोन-तीन दिवसांनी तो कालवा कमी व्हायला लागला. तू एका काठीनं वाजवत होतास आणि दुसरीनं आधीचा सूर थांबवत होतास, पट्टीवर हलकेच टेकवून. पपा त्याला ‘पुसणं’ म्हणायचे. “पोरगा बघ कसा पुसतो,” म्हणायचे. पुढे मी बरी होऊन आले तरी तू मधूनच पुसायचास आणि मला राग यायचा. मी पाय दिलेला असताना याला पुसायची गरजच काय!

मी कधी शिकले नाही. मला पाय होता.

आता वीट मीही ठेवणार, तेव्हा मला ते शिकव. एका हातात दोन काठ्या धरून एकीनं वाजवायचं आणि दुसरीनं पुसायचं, हे जमतं का? कुठली काठी बाहेरची धरायची? पट्टीच्या मध्ये टेकवायची की टोकाला? मी टेकवते तेव्हा पट्टी परत बोलते, ठोका मारल्यासारखी. किती हलकं टेकवायचं ते लिही. पत्रात लिहिता येत नसेल तर फोन कर, नंबर तोच आहे. पपांच्या वेळचाच.

तुझ्या मनात काय येईल ते मला माहीत आहे. तेव्हा तेही लिहून टाकते. एकोणपन्नास साली क्लीव्हलंडच्या ऑर्केस्ट्राला व्हायब्राफोनवाला एक हवा होता. एकच. माणूस सरळ बाजूनं वाजवणारा हवा होता, कारण त्यांच्या स्टेजवर पलीकडून उभं राहायला जागाच नव्हती. मी गेले. परत बोलावलं तर परत जाईन. त्या जागेवर आधी कोणती बाई उभी होती? कोणती काळी बाई? मी माफी-बिफी मागणार नाही.

मी गेल्यावर पपांनी तुला इकडच्या बाजूला आणलं, तुझ्यावर ओरडले, तेही मला माहीत आहे. क्लीव्हलंडला फोन करून तेच सांगायचे, “अगं, पोरगा घाबरल्यासारखा करतोय. वर जायचं तिथं खाली जातो.” मी म्हणायचे, “पपा, होईल त्याला सवय.” दुसरं काय म्हणणार होते? ऑर्केस्ट्रा सोडून येऊ का तुझ्यासमोर उभी राहायला? पुढच्या हिवाळ्यात तू कॅलिफोर्नियाला निघून गेलास. पपा वारले तेव्हा फुलं पाठवलीस. फुलं चांगली होती.

पुसायचं कसं तेवढं लिही.

व्हर्डेल


डेट्रॉइट, ५ मार्च

लाँझो,

तुझं कार्ड मिळालं. पुढे पुलाचं चित्र, मागे एक ओळ. ‘माझ्या बाजूला ये.’ सही नाही, ‘सिस’ अशी हाक नाही, कशी आहेस नाही.

हे पपांचेच शब्द आहेत रे. “या बाजूला ये,” असं म्हणत तुला दंडाला धरून त्यांनी इकडे ओढलं होतं, नाही का? छत्तीस वर्षं सांभाळून ठेवलंस आणि लकवा मारलेल्या बहिणीच्या तोंडावर मारलंस. शाबास! मी कार्ड फाडणार होते. एका हातानं फाडता येत नाही, तेवढ्यानं वाचलं.

मिस झेल्माला दाखवलं. तिला वाटलं मी खूश होईन. ती व्हायब्राफोनच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, डावा हात हवेत फिरवला आणि म्हणाली, “अगं, पण इकडून तुझा चांगला हात वरच्या सुरांवर येतो. गाणं वरच असतं ना?”

असतं. चाल वरच्या पट्ट्यांवरच आहे. माझ्या बाजूनं मला डावा हात छातीवरून आडवा ताणावा लागतो आणि तोल जातो. तुझ्या बाजूनं तो आपोआप तिथंच पडेल. वीट पेडलवर ठेवली की पाय नकोच. झेल्माला आयुष्यात सा कळला नाही आणि हे कळलं.

टोमणा मारलास की मदत केलीस, लाँझो? एवढं तरी लिहायचं होतंस. एका ओळीत काय कळणार माणसाला?


डेट्रॉइट, ६ एप्रिल

लाँझो,

कपड्यांची टोपली हलवली. वीट मिळाली नाही, झेल्माच्या नातवाच्या बांधकामावरची नवी आणली. मोजा माझाच. रोज सकाळी कॉफी झाली की तुझ्या बाजूला उभी राहते. कमरेला पट्टा बांधून तो खिडकीच्या कडीला अडकवलाय, पडू नये म्हणून. बघायला कोणी नाही ते बरंय. बांधलेल्या बकरीसारखी दिसते.

पुसणं जमलं! ऐकतोस का? तू शिकवलं नाहीस तरी जमलं. बाहेरची काठी, टोकाशी, आणि टेकवायची नाही तर नुसती ठेवायची, झोपलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवतो तशी. पहिल्यांदा जमलं तेव्हा एक सूर गेला आणि दुसरा त्याच्यामागून स्वच्छ उभा राहिला. मी मोठ्यानं ओरडले. त्या सकाळी मला वाटलं, जमतंय. त्या रविवारी जमणार.

पण बाकीचं काही जमत नाही. मला वर जायचं असतं, हात खाली जातो. काळ्या सुरांच्या पट्ट्या समोर हव्या, त्या पोटाशी आल्यात. सावकाश, एकेक पट्टी शोधत गेलं तर पहिली ओळ येते. दुसरी कधी येते, कधी नाही. जरा मन लागलं, जरा गाण्यात शिरले, की हात आपला जुन्या घरी निघतो आणि चुकतो. म्हणजे लक्ष देऊन वाजवलं तर ते गाणं नाही आणि गाणं म्हणून वाजवलं तर ते बरोबर नाही. पपा तुझ्यावर नेमके कशासाठी ओरडत होते ते मला आता दिसतं. पण ओरडून काय होणार होतं?

काल सेफस आला. टोपी गुडघ्यावर ठेवून ऐकत बसला. अर्ध्यात मी थांबले.

“व्हर्डेल,” तो म्हणाला, “तू त्या दिवशी पुढच्या टेबलावर बस. छानशी हॅट घाल. मी तुझं नाव घेतो, सगळे उठून उभे राहतील.”

“मी मेले नाहीये अजून,” मी म्हटलं.

“कोण म्हणतंय तसं?”

“तूच! मेलेल्यांसाठीच उभे राहतात. माझं नाव खोडलंस तर बघ. व्हायब्राफोन न्यायला ट्रक घेऊन ये.”

तो बरं म्हणाला. त्याचं ते मन राखायचं बरं मला कळलं.

लाँझो, ये. हे विचारायला मला फार जड जातंय, तेव्हा एकदाच विचारते. तू तुझ्या बाजूला उभा राहा, मी माझ्या. वीट ठेवू. माझा एक हात, तुझे दोन. तुझ्या हातांत अजून असेल ते, मला माहीत आहे, असं जात नाही. वाजवायचं नसेल तर नुसता समोर उभा राहा. स्टेशनवर सेफस घ्यायला येईल. माझ्याशी बोलावंच असं काही नाही.

तुझी व्हर्डी


डेट्रॉइट, २९ एप्रिल

लाँझो,

तू आला नाहीस. मी दाराकडे बघत होते हे खोटं सांगणार नाही. सेफसनंही दाराजवळची एक खुर्ची रिकामी ठेवली होती. शेवटी त्यावर कोणीतरी कोट टाकला.

गर्दी बरीच होती. आपल्यातली राहिली ती सगळी. कोणाला काठी, कोणाला चष्मा, बार्नी ग्रिग्जबीला दोघांनी धरून आणलं होतं आणि ट्रंपेट तोंडाला लावल्यावर तो एकदम विशीचा झाला. मी माझी निळी हॅट घातली होती. व्हायब्राफोन उलटा लावायला सांगितला, तुझी बाजू माझ्याकडे. सेफसचा माणूस म्हणाला, “मॅडम, उलटा लागतोय.” मी म्हटलं, लागू दे, आणि कमरेचा पट्टा मागच्या खांबाला बांधून घेतला.

पहिली ओळ आली, लाँझो. सगळी आली. पुसली पण अशी की एकही सूर दुसऱ्याच्या अंगावर गेला नाही. कोणीतरी “अहाहा” म्हणालं. दुसरी ओळही आली. मग चाल वळते ती जागा, जिथं आई पपांना म्हणायची, “इथं तू मला विसरलास, होसेया.” तिथं माझा हात गेला. जुन्या घरी गेला. एक चुकीचा सूर लागला, तो पुसायला गेले तर दुसरी पट्टी वाजली, ती पुसायला गेले तर तिसरी. विटेमुळे सगळंच घुमत राहिलं. तोच गोवराच्या वेळचा कालवा.

आणि लोक म्हणायला लागले, “सावकाश, बाई, सावकाश. घाई नाही.” चर्चमध्ये म्हणतात तसं, मायेनं. चांगलं वाजवणाऱ्याला कोणी तसं म्हणत नाही, तुला माहीत आहे. ते ऐकलं आणि माझ्या हातातलं सगळं गेलं.

तेव्हा मी मान वर केली. मुद्दाम नाही केली, आपोआप झाली. त्या बाजूला उभं राहिलं की मान वर होतेच, समोर कोण आहे ते बघायला. खाली बघून तिथं काही कळतच नाही, सगळं उलटं. तेव्हा कळलं, लहानपणी तू माझ्या तोंडाकडे बघत नव्हतास. माझ्या हातांकडेही नाही. तू माझा खांदा बघत होतास, मी श्वास कधी घेते ते बघत होतास, आणि त्यावरून वाजवत होतास. तुझं सगळं शिकणं म्हणजे मी होते. आणि मी म्हणायचे, पट्ट्यांकडे बघ.

समोर कोणी नव्हतं. मी काठ्या खाली ठेवल्या. सेफसनं मागून ड्रमवर ब्रश फिरवत राहून ती जागा झाकली आणि सगळे उठून उभे राहिले, त्यानं सांगितलं होतं तसेच. बराच वेळ टाळ्या वाजवत होते. मी हॅट सरळ केली.

आता मी वाजवणार नाही. हे रुसून लिहीत नाही. आज सकाळी माझ्या बाजूनं एकदा बघितलं, तुझ्या बाजूनं एकदा बघितलं, आणि मिस झेल्माला बोलावून पट्ट्या चादरीत गुंडाळून घेतल्या. ती रडत होती. मी तिला म्हटलं, दोरी नीट बांध.

तुझ्या कार्डाचा अर्थ मी आता विचारत नाही. टोमणा असो की मदत, तू खरं तेच लिहिलं होतंस. मी येऊन बघितलं. पपांना मी क्लीव्हलंडहून म्हटलं होतं, होईल त्याला सवय. नाही होत रे, लाँझो. कोणालाच नाही होत.

व्हर्डी